बाई उतरेपर्यंत

“हात सोड गं माझा! मी काय जत्रेत हरवलेलं पोर आहे?”

अलकाबाईंनी असा काही हिसडा दिला की रोहिणीच्या हातातली पिशवी जिन्यात पडली. रोहिणीने ती उचलली. सिल्वासाच्या आमली भागातल्या त्या इमारतीचा जिना उतरायचा म्हणजे रोजचं महाभारत. बाईंना धड दिसत नव्हतं, आणि दिसत नाही असं कुणी म्हटलेलं खपत नव्हतं. नजरेचा मधला भागच पुसला गेला होता. समोर माणूस उभा राहिला की त्याचा चेहरा गायब, कडेकडेचं तेवढं दिसायचं. म्हणून बाई मान तिरकी करून चालायच्या. शेजाऱ्यांना वाटे, विमान चालवलेल्या म्हातारीला केवढा ताठा! ताठा होताच म्हणा, पण तो मानेत नव्हता.

खाली पप्पूची रिक्षा उभी होती. बाईंनी नेमाप्रमाणे तिच्याभोवती फेरी मारली, चाकं चाचपली, दिव्यावर टिचकी मारली. विमान असो की रिक्षा, हात लावून पाहिल्याशिवाय आत बसायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

“बा, टायर नवुं छे, बेसो ने!” पप्पू वैतागला.

“नवं तेच आधी दगा देतं,” म्हणत बाई बसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्टच सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. बाई घरी आल्या तर दारात शाळेच्या मुख्याध्यापिका प्राजक्ता मॅडम उभ्या. शाळेच्या वार्षिक समारंभाला बाईंनी पाहुण्या म्हणून यावं, असा त्यांचा आग्रह होता. एकेकाळी कपाशीवर फवारणीचं विमान उडवणारी पहिली बाई आपल्या सिल्वासात राहते आणि पोरींना त्याचा पत्ताही नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. बाई खुलल्या. भास्कर, त्यांचा भाऊ, इथेच मास्तर होता. त्याच्याकडे म्हणून त्या आल्या, तो गेला, आणि मग इथल्याच होऊन गेल्या. पण इतक्या वर्षांत असं बोलावणं पहिलंच.

“मी व्हीलचेअरची सोय करते,” प्राजक्ता मॅडम उठता उठता म्हणाल्या. “नाहीतर दोन मुली हाताला धरून आणतील.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “अगं, विमान चालवणारी म्हणून बोलावतेस आणि गाठोडं म्हणून आणवतेस? फाटकापासून स्टेजपर्यंत मी एकटी चालत येईन. नाही जमलं तर येणारच नाही.”

मॅडम गेल्यावर रोहिणीला राहवलं नाही. “बाई, बोलून तर बसलात! ते ग्राउंड केवढं मोठंय. कुठं ठेचकाळलात म्हणजे?”

बाई चाचपत खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “पडायची भीती नाही गं. त्या पोरींसमोर पडायची वाटते. आयुष्यात एकदाच बघणार त्या मला. मग तसंच लक्षात ठेवतील.”

एवढ्या ढाण्या बाईच्या तोंडून ‘भीती’ हा शब्द रोहिणीने कधी ऐकला नव्हता.

रोहिणी मूळची खानदेशातल्या चोपड्याकडची. नवरा नवनाथ गलोंड्याच्या सुताच्या कंपनीत, घरात सासू चिमाबाई, आणि रोहिणी दिवसभर बाईंच्या सोबतीला. त्या संध्याकाळी मेथी निवडताना तिने सासूला सगळं सांगितलं. चिमाबाईने ऐकलं आणि सहज म्हणाली, “मंग निशान धरा ना. त्यात काय एवढं?”

हे तिलाच सुचणार होतं. फार पूर्वी खानदेशात कपाशीवर औषध मारायला विमान यायचं. कुठली ओळ झाली, कुठली राहिली, हे वरून कळत नसे. म्हणून शेताच्या टोकाला कुणीतरी काठीला पांढरं धोतर बांधून उभं राहायचं. विमान त्या निशाणावर रोख धरून यायचं. ते जवळ आलं की निशाणवाल्याने बाजूला पळायचं, नाहीतर औषध थेट अंगावर, आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन पुन्हा काठी वर करायची. गावातले बाप्ये त्या घरघरीला भ्यायले, आणि अकरा-बारा वर्षांची चिमा उभी राहिली. फवारणी संपल्यावर विमान माळावर उतरलं. चालवणाऱ्याने टोपी काढली, तर लांबलचक वेणी खाली पडली. अख्खा गाव आ वासून बघत राहिला होता.

बाईंच्या घरी पहिल्यांदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन आली तेव्हा भिंतीवरचा फोटो पाहून चिमाबाई ओरडलीच होती, “हे तं आमच्या कपाशीवरचं इमान!” त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं होतं.

निशाणाची युक्ती ऐकून बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “पांढरं हललं की मला कडेने दिसतं, ते खरं. चिमा, तेव्हा वरून तुझा चेहरा दिसला नव्हता, आताही दिसत नाही. तेव्हा चाललं ना? मग आताही चालेल!”

चिमाबाईने ट्रंकेतून आपल्या मालकांचं, चिंधाबाबांचं, जपून ठेवलेलं धोतर काढलं. इमारतीखाली मोटारसायकलींच्या मधल्या बोळात दोघींची तालीम झाली. मागे भिंत, दोन्हीकडे गाड्या. चिमाबाई खांबासारखी उभी, बाई सरळ तिच्यापर्यंत. एकदाही चूक झाली नाही.

समारंभाच्या सकाळी मैदानावर पोरीच पोरी होत्या. फाटकाशी रोहिणी, समोर दूर स्टेजच्या पायऱ्यांपाशी काठी घेऊन चिमाबाई. बाईंनी निळ्या साडीच्या निऱ्या नीट केल्या, मान तिरकी केली आणि चालायला लागल्या. लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या. काय ती चाल! रोहिणीचा ऊर भरून आला. हीच माझी बाई, असं तिला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

अर्धं मैदान झालं. पाऊण झालं. बाई अगदी जवळ आल्या, आणि चिमाबाई एकदम वळली. काठी खांद्याशी धरून तरातरा उजवीकडे निघाली! विमान अंगावर आलं की जागा सोडायची आणि पुढची ओळ धरायची. लहानपणी हाडात मुरलेलं काम, आणि इथे तिला अडवायला ना भिंत होती ना गाड्या. पांढरं धोतर सरकलं, तशा बाईही त्याच्यामागे वळल्या. तिकडे लाउडस्पीकरचे खोके आणि वायरींचं जंजाळ होतं.

रोहिणी धावत सुटली. हाक मारावी तर सगळ्यांना कळणार, न मारावी तर बाई पडणार.

तेवढ्यात निशाण पळतंय हे ओळखून बाई आपणहून थांबल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी खणखणीत आवाज दिला, “चिमा! आज औषध नाहीये गं. ये परत जागेवर!”

“अगं माय!” चिमाबाईने जीभ चावली आणि पळत पायऱ्यांपाशी आली. पोरी खिदळल्या. बाई वळल्या, निशाणापर्यंत आल्या, लोखंडी कठडा धरून चढल्या. रोहिणी येऊन चिमाबाईशेजारी उभी राहिली.

बाईंनी माइक हातात घेतला.

“म्हातारी वाकडी का वळली, असं वाटलं ना तुम्हाला? मला समोरचं दिसत नाही. आजवर लपवलं. लाज वाटायची.” बाईंनी मान तिरकी केली. “सगळे म्हणतात, अलकाबाई आकाशात एकट्या असायच्या. साफ खोटं. खाली तुमच्याएवढी एक पोर निशाण धरून उभी असायची. माझ्या विमानाचं विषारी औषध तिने अंगावर घेतलं. हार मला मिळाले, तिला कुणी नावही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. ती बघा तिथे उभी आहे. चिमाबाई तिचं नाव. चिमा, वर ये.”

टाळ्यांनी मैदान दणाणलं. प्राजक्ता मॅडम शाल घेऊन खाली धावल्या. “या ना आजी, चला वर.”

चिमाबाईने काठी दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली.

“नही वो मॅडम. मी वर आली तं बाई उतरतीन कशा?”

मॅडमनी शाल तिथेच तिच्या खांद्यावर घातली.

मग नाच झाले, गाणी झाली, बक्षिसं वाटली. ऊन चढलं. रोहिणी दोनदा म्हणाली, “आई, द्या, मी धरते.” पण चिमाबाईने ऐकलं नाही. शाल घसरत होती, ती काखेत दाबून ती उभीच होती.

कार्यक्रम संपल्यावर बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. ह्या वेळी चिमाबाई जागची हलली नाही. धोतराचं टोक बाईंच्या गालाला लागलं.

“हट गं बाजूला, अंगावर येईन तुझ्या.”

“या ना मंग.”

बाई हसल्या. मग एवढ्या पोरींच्या देखत त्यांनी हात पुढे केला. “धर. इथून मला काही दिसत नाही.”

दोघी मैदानातून चालत निघाल्या. चिमाबाईचा एक हात बाईंच्या हातात, दुसऱ्या हातातली काठी तशीच वर. फाटकाबाहेर पप्पू उभा होता. बाईंनी रिक्षाभोवती फेरी मारली, चाकं चाचपली. पप्पूने आज आपणहून दिवा पुसून दिला.

बाई आत बसल्या. तेव्हा चिमाबाईने काठी खाली घेतली, धोतर सोडलं आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याची घडी घालू लागली.