बारा प्रतिज्ञापत्रं

माझा स्वभाव तापट आहे आणि तो मी लपवत नाही. कोर्टात माझ्या पाठीमागे मला लवंगी मिरची म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात माझा सगळा राग माझ्यावरच होता.

फरझाना माझी अशील. सहा वर्षांपूर्वी काबूलहून कोल्हापुरात शिकायला आली आणि शिवाजी पेठेत चिमणाबाईंच्या माडीवर भाड्याने राहिली. तिचे वडील तिकडे घरात चोरून मुलींना शिकवायचे, त्यापायी त्यांना मारलं. आता तिचं शिक्षण संपलं होतं, व्हिसाही संपत आला होता. परत गेली तर तिचंही काही खरं नव्हतं. दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीने तिला निर्वासित म्हणून मान्यता द्यावी, हा तिचा अर्ज मी मोफत चालवत होते. मोफत म्हटलं की लोकांना वाटतं वकील शिकाऊ असणार. मी या धंद्यात वीस वर्षं घासलेली आहे, आणि तरी चूक केलीच.

वडील गेल्याची बातमी कधी आली, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, पहिल्या महिन्याच्या पंधरा तारखेला. मी अर्जात पंधरा जानेवारी लिहून मोकळी! तिकडचं वर्ष एकवीस मार्चला सुरू होतं. दरवर्षी पाडव्याला गुढी उभारणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? मुलाखतीत तिने एप्रिल सांगितला. दोन तारखा दिसल्या की खोटेपणाचा संशय आलाच. ज्या फोनवर बातमी आली तो कधीच बिघडून गेला होता. सोमवारपर्यंत पुरावा द्या, असं दिल्लीहून कळवलं.

"मावशी, त्या वेळचं ज्यांना ठाऊक असेल त्यांना घेऊन या," मी चिमणाबाईंना सांगितलं.

शनिवारी दुपारी चिमणाबाईंसोबत पेठेतल्या तालीम मंडळाची अर्धी माणसं माझ्या ऑफिसात हजर. पुढे आकाराम, तालमीचे अध्यक्ष. त्यांनी टेबलावर बारा प्रतिज्ञापत्रं ठेवली. कोर्टाच्या दारातल्या टायपिस्टाकडून करून आणलेली, सही-शिक्क्यासकट. बाराही कागदांवर एकच मजकूर: 'अर्जदार हिस मी गेली वीस वर्षे ओळखतो. ती शिवाजी पेठेची कायमची रहिवासी आहे.'

"वीस वर्षं?" मी ओरडले. "तेव्हा ही सहा वर्षांची होती, काबूलात!"

"समद्यास्नी असंच देतोय की आम्ही," आकाराम म्हणाले. "रेशनला चालतंय, शाळंला चालतंय. दिल्लीला का चालंना?"

"ती कायमची इथलीच असेल तर तिला आसरा मागायचं कारणच काय? हे कागद गेले असते तर उरलीसुरली केसही बुडाली असती!" मी बाराच्या बारा टराटरा फाडले.

फरझाना कोपऱ्यात उभी होती. "माझ्यामुळं त्यास्नी बोलू नगासा, मॅडम," ती म्हणाली. तिचं मराठी पेठेतच घडलेलं.

चिमणाबाईंचा चेहरा उतरला. "मायेनं केलं वो पोरांनी."

"माया आहेच, मावशी. पण मला खरं पाहिजे. बातमी आली तो दिवस आठवतोय?"

"न आठवाय काय झालं? फुटबॉलची फायनल हुती. कप आमच्या तालमीच्या पोरांनी मारला. सांच्याला गल्लीत हलगी, गुलाल, निस्ता दंगा. ही माडीवरनं खाली आली आन् म्हणाली, मावशी, बाबाला मारलं. पोरी शिकवतो म्हणून मारलं. मी तशीच भाईर गेले आन् ह्या आकारामाला म्हटलं, बंद कर ती हलगी."

मी आकारामांकडे पाहिलं. "आणि तुम्ही बंद केलीत? फायनल जिंकल्यावर?"

"व्हय. पोरीचा बाप गेलता की वो." यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्यांचं तोंड. "मिरवणूक तिथंच मोडली. पेपरात आलं हुतं. कात्रण तालमीत लावलंय की, फ्रेम करून!"

हे मला आधी सांगायला काय झालं होतं! पोरं पळत जाऊन फ्रेमच घेऊन आली. पाच एप्रिलचा अंक. 'परदेशी विद्यार्थिनीच्या वडिलांच्या निधनामुळे विजयी मिरवणूक अर्ध्यावर थांबवली.' म्हणजे फरझानाला फोन आला तो चार एप्रिलला. तिकडच्या पंचांगात बघितलं, पहिल्या महिन्याची पंधरा. मी चक्क टेबलावर हात आपटून हसले, आणि मग डोळे पुसले.

चिमणाबाईंचं प्रतिज्ञापत्र मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, माझी चूकही वेगळ्या कागदावर कबूल केली आणि कात्रणासोबत सगळं दिल्लीला पाठवलं.

दोन महिन्यांनी मान्यता मिळाली. फरझाना पेढे घेऊन आली. ओळखपत्र तिने पर्समध्ये ठेवलं आणि चिमणाबाईंच्या प्रतिज्ञापत्राची एक प्रत मागितली.

"आता त्याचं काम संपलं," मी म्हटलं.

"तिकडं बाबाच्या मरणाचा दाखला कुणी दिला न्हाय, मॅडम. कबरीवर नावबी लावू दिलं न्हाय." मी काढून दिलेला कागद तिने हातात घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. 'हिचा बाप पोरींस्नी शिकवत हुता.'

"मी सोडून दुसऱ्या कुणी जगात एवढ्या एकाच कागदावर लिहिलंय हे," ती म्हणाली.

मी तिला पाच प्रती काढून दिल्या.