घसरगुंडीतले नगरसेवक

नगरसेवकदादांचा एक हट्ट होता. वॉर्डात कुठलंही काम झालं की नुसती फीत कापून त्यांचं समाधान व्हायचं नाही, ते आधी स्वतः वापरून दाखवायचे. नवा नळ आला, पहिला घोट दादांचा. नवा बाक आला, पहिली बैठक दादांची. त्याचा ओला रंग पाठीवर मिरवत सबंध भाषण ठोकलं. सार्वजनिक शौचालयाच्या वेळी तर बाहेर बँड वाजत राहिला आणि आत दादा निवांत.

यंदा मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. 'दादा आता थकले,' असं कुणीतरी पक्षाध्यक्षांच्या कानात फुंकलं होतं. तिकीट द्यायचं की कापायचं ते ठरवायला अध्यक्ष स्वतः नव्या बागेच्या उद्घाटनाला हजर झाले.

बागेत मुलांसाठी बंद नळकांड्याची घसरगुंडी होती. दादांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, आधी नळकांड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे.

"अहो, आज राहू द्या."

"लोकांना काय वाटेल?"

"वाटेल ते वाटू दे. तुम्ही मावणार नाही."

दादा मावले. अर्ध्यापर्यंत.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. आतून आवाज आला, "जरा थांबा, पाहणी चालू आहे!"

"कसली पाहणी?" अध्यक्ष म्हणाले.

"अडकलेत," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात शिंपीणकाकू पुढे सरसावल्या. नगरसेवक एका जागी सापडलाय, ही संधी त्या कशी सोडतील? नळकांड्याच्या खालच्या तोंडात डोकं घालून ओरडल्या, "दादा, आमच्या गल्लीतला दिवा?"

"लावतो!"

"मागेही असंच म्हणालात!"

"मागे मला पळता येत होतं, काकू!"

बघता बघता रांग लागली. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या दारात खड्डा.

"आमचा नळ कोरडा आहे हो!" न्हावी म्हणाला.

"मी पहिला घोट घेतलेला, तोच ना?"

"तोच. दुसरा घोट कुणालाच मिळाला नाही!"

शेवटी वहिनी बाह्या सरसावून शिडी चढल्या, वरून आत बसल्या आणि संसारात साठलेल्या सगळ्या जोराने दोन्ही पाय पुढे करून घसरल्या. बाटलीचं बूच उडावं तसे दादा बाहेर आले, ते थेट अध्यक्षांच्या बुटांवर. मागोमाग वहिनी, थाटात.

अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून बघत होते. दादांचं तिकडे लक्षच नव्हतं. बसल्या जागीच ते म्हणाले, "काकू, घरी जाऊ नका. चला, आत्ताच गल्ली दाखवा. आणि कोरड्या नळवाले, तुम्हीही थांबा."

अध्यक्षांना हसू आवरेना. "बाकीच्या नगरसेवकांना लोक शोधत फिरतात, तुमच्यासाठी रांग लागते. तिकीट तुमचंच! बरं, पुढचं उद्घाटन कशाचं?"

दादा कपडे झटकत अभिमानाने म्हणाले, "स्मशानभूमीचं!"

वहिनींनी त्यांचा दंड घट्ट धरला.

"तिथे," त्या म्हणाल्या, "फक्त फीत कापायची."