हरिणीचा दात

"उघड तोंड, बघू दे," मबरूकाने नातीला उजेडात ओढलं.

दुधाचा दात पडला तेव्हा दोघींनी रीतीप्रमाणे तो सूर्याकडे फेकून ओरडून मागणं मागितलं होतं, 'गाढवाचा दात घे, हरिणीचा दे!' आता नवा दात वर आला होता. खडूसारखा पांढरा, त्यावर पिवळट पट्टा.

"सूर्याने गाढवाचाच परत पाठवला गं," शेजारची तुर्किया म्हणाली.

"गप्प बस. तुझे कुठले हरिणीचे?"

आमच्या सूफमध्ये, अल्जीरियाच्या या वाळवंटी मुलखात, कोणाचेच नसतात. विहिरींच्या पाण्याने दात तपकिरी होतात. आमच्या माणसाने तोंड उघडलं की अल्जियर्सवाले त्याला गाव विचारत नाहीत. मबरूका लग्नापासून ओढणी तोंडावर धरूनच हसत आली. एका हाताने भाकरी उलटायची, दुसरा हसण्यासाठी राखीव. नातीवर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

तिच्या हिशेबाने डाग म्हणजे मळ. म्हणून निसरीन चालायला लागली तशी तिच्या ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्ट्रॉबेरीची पेस्ट. पोरगी मिटक्या मारत गिळायची. "आतूनही स्वच्छ होईल!" आजी खूश.

दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी निसरीनचं तोंड तपासून बॅटरी विझवली. "मावशी, हा डाग बाहेरचा नाही. दात हिरडीत घडत होता तेव्हाच पडलाय. तुमच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, त्यात पेस्टमधलंही पोटात गेलं."

"म्हणजे मीच घासून घासून..."

"पेस्ट बंद करू नका, दात किडतील. हिला वाटाण्याएवढी, हिच्या धाकट्या बहिणीला तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकायला शिकवा. प्यायला शुद्ध केलेलं पाणी आणा."

"आणि हिचा दात?"

"मोठी झाली की बघू. घासून नाही जायचा."

संध्याकाळी मबरूका धाकटीच्या ब्रशवर पेस्ट ठेवून भिंगातून बघावं तशी बघत होती.

"एवढीशी? मुंगीचे दात घासतेस का?" तुर्किया म्हणाली.

निसरीन खुदकन हसली, आणि तिचा हात झटकन तोंडावर गेला. अगदी आजीसारखा.

मबरूकाने ते पाहिलं. ओढणीचं टोक उचललेलं होतं, ते तिने कमरेला खोचलं.

"पुन्हा सांग गं, मुंगीचं काय?"

तुर्कियाने पुन्हा सांगितलं. मबरूका हसली, सगळे तपकिरी दात दाखवत. निसरीनचा हात अजून तोंडावरच होता. चुलीवरची भाकरी करपली, तरी मबरूका हसतच राहिली.