आधार संपलेली आवृत्ती

मी नवा कोरा संगणक बोलतोय. या घरात आलात तर माझ्या स्पीकरमधून एक आवाज ऐकू येईल, पण तो माझा नाही. कुणाचा ते सांगतोच. मला मुळात धीर कमी.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. ताईने, म्हणजे या घरातल्या मुलीने, मला स्वतःच्या हातांनी जोडलं. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, सगळं भारीतलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा माझे पंखे गरगरले, दिवे लागले आणि पुढे काहीच झालं नाही. मला चालवणारी प्रणालीच अजून घातलेली नव्हती. अंगात एवढी ताकद, आणि करायचं काय ते माहीत नाही! मी नुसता बसून तापत होतो.

माझ्याहून अस्वस्थ होते ते शेजारच्या खुर्चीतले बाबा. ते बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्याआधी ताईने त्यांच्याकडून खूप वाक्यं वाचून घेतली होती. एक प्रोग्रॅम त्यांतले तुकडे जोडून, बाबा टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात बोलायचा. हे सगळं जुन्या संगणकात होतं, आणि तो नुकताच जळाला होता. डिस्क तेवढी वाचली. तेव्हापासून बाबा टाळ्या वाजवून हाका मारत होते.

"अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? मी काय भाषण केलं?" आई स्वयंपाकघरातून म्हणायची. बाबा हसायचे. ती पाठ फिरवून डोळे पुसायची, ते मात्र त्यांना दिसायचं नाही.

ताईने माझ्यात त्या प्रणालीची सगळ्यात नवी आवृत्ती घातली. काय सांगू, मी हरखून गेलो! पडदा झळाळला. मग तिने बाबांचा प्रोग्रॅम टाकला. 'हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालणार नाही,' असं उत्तर माझ्याच तोंडून गेलं. तिने नाना खटपटी केल्या. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, विचारणार कुणाला?

"बाबा, या नव्या आवृत्तीत तयार आवाज आहे. ऐकून तर बघा," ताई म्हणाली.

बाबांनी टाइप केलं, 'अगं, जरा इकडे ये.' आवाज आला स्वच्छ, गोड, इस्त्री केल्यासारखा. आई दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली.

"हा कोण परका माणूस मला अगं म्हणतोय?"

"आई, सवय होईल गं."

"मला नाही व्हायची. बातम्या सांगणाऱ्याला मी ओ देऊ होय?"

बाबांनी कळफलक दूर सारला. त्या दिवशी त्यांनी टाळीसुद्धा वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने जुनी आवृत्ती आणली, आणि माझं डोकंच फिरलं. नव्या नवरीला आजेसासूचं लुगडं नेसवावं तसली ही तऱ्हा! जुन्या आवृत्तीला माझं ग्राफिक्स कार्ड ओळखता येईना, अक्षरं भोपळ्याएवढी दिसायला लागली. मी पंखे जोरजोरात फिरवून निषेध केला. ताईने माझ्या पाठीवर थाप मारली, "गप रे." बाबांचा प्रोग्रॅम मात्र उघडला. फक्त आवाज येईना, कारण माझा आवाजाचा भागही जुन्या आवृत्तीला ओळखता येत नव्हता. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तेच नाही! ताईने जुन्या संगणकाला बाहेरून जोडायची आवाजाची छोटी डबी ड्रॉवरमधून शोधून मला जोडली.

एवढ्यात पडद्यावर पाटी आली. आईने ती मोठ्याने वाचली, "या आवृत्तीचा आधार संपला आहे." तिचा चेहरा उतरला.

"आधार संपला म्हणजे? डॉक्टर काही बोलले का? माझ्यापासून लपवताय तुम्ही दोघं!"

"आई, अगं कंपनी आता या आवृत्तीला दुरुस्त्या पाठवणार नाही, एवढंच. मी त्याला इंटरनेट जोडणारच नाही. माझं काम लॅपटॉपवर करीन."

ऐकलंत? मला इंटरनेटसुद्धा नाही! मला रडूच यायचं बाकी होतं. आईला तर खरंच आलं होतं.

बाबांनी कळफलक ओढला आणि ते दोन बोटांनी टाइप करायला लागले. माझ्या आतून काहीतरी खरखरलं, आणि घोषणा करावी तसा जरा लांबवलेला, घोगरा आवाज खोलीभर झाला, "आधार इथेच बसलाय. चहा तेवढा संपलाय."

आई रडता रडता हसली. "आणते हो," म्हणाली, पण जागची हलली नाही. "आधी पुन्हा बोला," म्हणाली. बाबा पुन्हा बोलले. मी तेव्हा पंखे अगदी हळू केले, मध्ये आवाज नको म्हणून.

माझी तगमग काही गेलेली नाही. एवढ्या ताकदीचा मी, दिवसभर चहा आणि चष्मा मागतो. शिवाय ती डबी जुनी आहे. ती बंद पडली तर, या धास्तीने मी उगाच तापतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पाहुणे येतात, बाबा टाइप करतात, आवाज येतो, आणि सगळे वळून माझ्याकडे बघत उत्तर देतात. तुम्ही आलात तर तसं करू नका. बोलतायत ते, मी नाही. त्यांच्याकडे बघून बोला.