कंदिल्याच्या मागे

नोटीस आली तेव्हा बाबा काउंटरवर बसून एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "ही चित्रं मुलगा काढतो माझा. बाहेर गेलाय जरा. येईलच एवढ्यात."

माझ्या धाकट्या भावाला जाऊन वर्ष होत आलं होतं. चौकटींसाठी रंग आणायला म्हणून सायकलवर निघाला, दारातून "आलोच" म्हणाला आणि चौकात मागून येणाऱ्या ट्रकने त्याला गाठलं. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. अनोळखी गिऱ्हाइकांना मात्र बाबा असंच सांगायचे, आणि मी मागच्या टेबलावर काच कापता कापता ऐकून घ्यायचे. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. घरचे म्हणजे आता बाबाच, आई तर आमच्या लहानपणीच गेली. पण या एका बाबतीत मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

कारण त्याआधीचे बाबा मी पाहिले होते. भिंतीकडे तोंड करून पडलेले, दाढी वाढलेली, उशाशी चहा साय धरून गार झालेला. आमचं फ्रेम करून देण्याचं दुकान खाली आणि घर वर. एके दिवशी मी धाकट्याची कॉम्प्युटरवरची चित्रं छापून, फ्रेम करून दुकानाच्या भिंतीवर विकायला लावली. त्यातलं एक वाकडं लागलंय हे सांगायला बाबा खाली आले, आणि आले ते स्टुलावर बसले. तेव्हापासून रोज दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसायला लागले. दुकानाचं पोट चौकटींवर भरायचं, पण बाबांना जगवत होती ती चित्रं. कुणीतरी ती बघणार, "कुणी काढलं?" विचारणार, आणि आपण सांगणार, एवढ्यासाठी ते उठायचे. एक शिक्षिकाबाई तर नातवाचा फोटो देऊन गेल्या होत्या, याला कंदिल्याशेजारी काढून द्या म्हणून. बाबांनी तो काउंटरच्या काचेखाली जपून ठेवला होता. "आला की लगेच काढेल," म्हणाले.

चित्रं सगळी कंदिल्याची. टीव्हीवरच्या मालिकेतला कंदिल्या कुणाला माहीत नाही? गुडघ्यापर्यंत लोंबणारे कान, ढगळ हिरवा कोट, हातात कंदील. लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून घरपोच करतो. धाकटा शाळेपासून त्याच्या मागे वेडा. बाबा करवादायचे, "गाढवाचे कान काढून पोट भरतं का रे कुणाचं?" तो म्हणायचा, "पोट नाही, पण तुमच्या फ्रेमा भरतील." त्याचा कंदिल्या मालिकेतल्यासारखा टुणटुण उड्या मारायचा नाही. एक खांदा उतरलेला, पाठीत थोडा वाकलेला, दिवसभराचं काम उरकून घरी निघाल्यासारखा. गिऱ्हाइकं म्हणायची, हा खरा वाटतो.

नोटीस मालिका बनवणाऱ्या कंपनीची होती. आमच्या पात्राच्या चित्रांची विक्री थांबवा, उरलेल्या प्रती नष्ट करा आणि तसं लेखी कळवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना काही न बोलता मी तशीच शेजारच्या गल्लीतल्या वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या घरातली प्रत्येक तसबीर आमच्याकडून फ्रेम होऊन गेलेली.

"त्याने हाताने काढलंय," मी म्हटलं. "एक रेष चोरलेली नाही."

"रेष त्याची, पात्र त्यांचं," वकीलबाई म्हणाल्या. "स्वतःच्या हाताने काढलं म्हणून ते आपलं होत नाही."

"पण खाली स्पष्ट लिहिलंय, चाहत्याने काढलेलं चित्र. मालिकेचं नावसुद्धा दिलंय."

"नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं हो. उलट कंदिल्या त्यांचा आहे हे आपणच कबूल करून बसलो."

"बाजारात इतके जण विकतात ते?"

"त्यांना अजून नोटीस आली नसेल. काही कंपन्या काणाडोळा करतात, काही अटी घालून परवानगीही देतात. घरच्या भिंतीवर लावलं असतं तर बहुधा कुणी विचारलं नसतं. तुम्ही विकलंत, ताई."

परवानगी मागून पाहिली. कंपनीतल्या कुणा बाईंचं उत्तर आलं. कंदिल्याची चित्रं छापण्याचे हक्क दुसऱ्या संस्थेला दिलेले आहेत, त्यामुळे नाइलाज आहे. तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं. घरात आठवण म्हणून एखादं चित्र ठेवलंत तर आमची काहीच हरकत नाही. इतकं सौजन्याने लिहिलं होतं की मला त्या बाईंना शिव्यासुद्धा घालता येईनात. राग होता तसाच राहिला, फक्त तो काढायला कुणी उरलं नाही.

शेवटी बाबांना सांगावंच लागलं. ते फडक्याने चित्रांच्या काचा पुसत होते.

"सगळी काढायची?"

"सगळी, बाबा."

"आणि तो आला, माझी चित्रं कुठायत म्हणाला, तर काय सांगू?"

फडकं घडी घालून त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि ते वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तर तोंड भिंतीकडे आणि चहावर साय. भाऊ गेला तेव्हा निदान बाबांना सांभाळायचं आहे असं मनाला बजावता आलं होतं. आता बाबाही हातचे निसटत होते.

वकीलबाई त्यांची फ्रेम न्यायला आल्या. रिकामं स्टूल बघून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं.

"त्या चित्रांत कंदिल्या सोडून आणखी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मागे असतं काहीबाही. जिना, दुकान."

"मग ते तुमच्या भावाचं. म्हणजे आता तुमच्या घरचं. कंदिल्याला बाजूला करा आणि उरेल ते खुशाल विका."

"नुसता जिना कोण विकत घेणार?"

पण त्या गेल्यावर मी धाकट्याचा कॉम्प्युटर लावला. तो चित्र एका कागदावर काढल्यासारखं काढत नसे. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर असायचे, आणि प्रत्येक थरापुढे एक छोटासा डोळा. तो दाबला की तेवढा थर लपतो. मी आजवर पुरं झालेलं चित्र उघडून छापत आले होते, थरांच्या वाटेला कधी गेलेच नव्हते. 'कंदिल्या' लिहिलेल्या थराचा डोळा मी दाबला. वाटलं, आता रिकामं टेबल दिसेल.

टेबलाशी बाबा होते.

काच कापताना जीभ दातांत धरलेले, एक खांदा उतरलेला. मी दुसरं चित्र उघडलं. गुडघ्यावर हात टेकून जिना चढणारे बाबा. तिसऱ्यात स्टुलावर पेंगणारे. चौथ्यात टॉर्च घेऊन काउंटरखाली पडलेला स्क्रू शोधणारे. त्याच टॉर्चवर त्याने कंदील चढवला होता, त्याच वाकलेल्या पाठीवर हिरवा कोट. प्रत्येक चित्रात आधी बाबा होते आणि मग त्यांच्यावर कंदिल्या. झाकलाच जाणार होता, तरी शर्टाच्या तुटक्या गुंडीपर्यंत पूर्ण रंगवलेला माणूस. दुकान उघडं होतं, रस्त्यावर माणसं होती, आणि मी हुंदके देऊन रडले.

टॉर्चचं चित्र छापून वर नेलं. बाबांनी चष्मा शोधला.

"हा स्क्रू सापडला नव्हता," ते म्हणाले. "मी म्हटलं, दात काय काढतोस, शोधायला ये. तर म्हणतो, बाबा, थांबा, हलू नका." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "मला वाटायचं, याला त्या गाढवाच्या कानांपलीकडे काही दिसतच नाही. सांगायचंस तरी मला. एकदा सांगायचंस रे."

शेवटचं ते मला नव्हतं. चित्र छातीशी धरून ते रडले. तो गेला त्या दिवशीही असे रडले नव्हते. मी त्यांची पाठ चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून खाली आले. कंदिल्याची चित्रं त्यांनी स्वतःच्या हाताने चौकटींतून सोडवली आणि सुरीने कापून टाकली. एक तेवढं त्यांच्या खाटेशेजारी लावलं. रिकाम्या झालेल्या चौकटींत आम्ही नवी चित्रं बसवली. खपत फारशी नाहीत. लोक डोकावतात, "कंदिल्या कुठे गेला?" म्हणतात आणि पुढे जातात.

परवा संध्याकाळी एक नर्स ड्यूटी संपवून जाता जाता थांबली. जिन्याच्या चित्राकडे बघत राहिली, मग बाबांकडे.

"काका, हे तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"काढलंय कुणी?"

"मुलाने माझ्या."

"माझ्या वडिलांचं काढून देतील असं? ते आता अंथरुणातच असतात. कधी भेटतील तुमचा मुलगा?"

माझा काच कापायचा हात थांबला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून चित्राकडे पाहिलं.

"नाही गं बाळ," ते म्हणाले. "तो वारला. गेल्या वर्षी. आता नाही यायचा."

तिने काउंटरवर टेकलेल्या त्यांच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि ती गेली. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी काउंटरची काच थोडी उचलली, खालचा फोटो काढून शर्टाच्या बाहीने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"त्या शिक्षिकाबाईंना फोन कर," ते म्हणाले. "नातवाचा फोटो घेऊन जा म्हणावं. उगाच वाट बघत बसतील."