गढीची माती

धारबोरीत नाईकांच्या गढीचा एकच बुरूज उरला होता, आणि तो ठेवायचा की पाडायचा हे एकट्या तातेराव नाईकांच्या हातात होतं. जागा त्यांच्या नावावर होती. ग्रामपंचायतीला तिथं पाण्याची टाकी बांधायची होती, कारण बुरुजाखालचं टेकाड गावात सगळ्यांत उंच होतं. तातेरावांनी फक्त ‘न्हाई’ म्हणायचं होतं.

“एवढंच म्हणा, बाबा,” त्यांची लेक प्रतिक्षा पुण्याहून फोनवर बजावायची. “कारणं देऊ नका, भांडू नका. नाही म्हणायचं आणि घरात यायचं. दिवाळीला तुमच्या नातवाला, रेवणला, घेऊन येते मी. त्याला बुरूज दाखवायचाय.”

“म्हणतो की. त्यात काय अवघड हाये?”

बायको गेल्यापासून ते एकटेच राहत होते. बुरुजाच्या पायथ्याशी दोन खोल्या, वर पत्रे, पुढं अंगण आणि अंगणात चार शेळ्या. शेळ्यांना पाला टाकताना ते मोठ्यानं म्हणून पाहत, “न्हाई!” शेळ्या मान वर करत आणि पुन्हा पाल्यात तोंड घालत.

नाईक मूळचे मेंढरंवाले. दगडोबा नाईक कळप घेऊन पूर्णेच्या काठानं वर सरकत आले आणि इथं थांबले, असं घरात सांगत. वाटेची राखण करता करता त्यांच्याकडं बारा गावांची नाईकी आली. त्यांनी पांढऱ्या मातीची गढी उठवली. चार बुरूज, सहा हात जाड भिंत, पोटात धान्याची पेवं. पुढं त्यांच्या पणतूचं, सोमेश्वर नाईकाचं, सरकारी फौजेशी बिनसलं. तोफांनी दोन बुरूज पाडले आणि वर हुकूम सुटला, की नाईकांनी या भिंतीवर मातीचं एक टोपलंही चढवायचं नाही.

सोमेश्वर नाईकानं गावाला बोलावलं. चढवायची मनाई आहे, उतरवायची नाही, तो म्हणाला. गढीची माती न्या आणि तुमची घरं उभी करा.

तेव्हापासून रीत पडली. ज्याला माती हवी त्यानं रिकामं टोपलं घेऊन, पायातलं काढून नाईकांच्या दारात यायचं आणि म्हणायचं, नाईक, माती द्या. नाईकानं विचारायचं, काहून? घराच्या धाब्यासाठी, चुलीसाठी, बाळंतिणीच्या खोलीसाठी, जे असेल ते सांगायचं. मग नाईकानं मागणाऱ्याच्या हातचा गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कुदळीचा पहिला घाव स्वतः घालायचा. मागणाऱ्याला आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं. पांढरी माती धाब्यावर पसरली की पाणी आत झिरपत नसे, त्यामुळं दर उन्हाळ्यात दारात रांग लागे. तातेरावांच्या वडिलांना चैत्र-वैशाखात जेवायला फुरसत नसायची. भिंत गेली, तिसरा बुरूज गेला. नाईक म्हणत, गढी पडली न्हाई, वाटली.

आता गावात बहुतेक घरांना स्लॅब होते, उरलेल्यांवर पत्रे आले होते. शेवटचं टोपलं धुरपताबाईंचं, चुलीसाठी. त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. तातेराव अजून उन्हाळा लागला की कुदळीचा दांडा बदलून ठेवत. अंगणाकडं कुणाची पावलं वळली की उठून बसत. बहुतेक वेळा शेळ्यांचा व्यापारी निघे, नाहीतर चुकलेला माणूस, गोरेगावची जीप कुठून मिळते विचारणारा.

टाकीची गोष्ट निघाल्यावर मात्र लोक येऊ लागले. आधी ग्रामसेवक आला. तातेराव म्हणाले, “न्हाई.” मग इंजिनिअर आला, कागद पसरून समजावून गेला. त्यालाही चहा पाजून ते म्हणाले, “न्हाई.” प्रभू आला. हा त्यांच्या वयाचा, शाळेपासूनचा सोबती, आणि सरपंच अंजलीचा सासरा.

“काय नाईक सरकार, बुरुजावर तोफ ठेवायची हाये का?”

“तुझ्या घरावर रोखून ठेवतो.”

“ठेव, ठेव. माझ्या घराच्या भिंती तुझ्याच मातीच्या हायेत. सोताच्याच गढीवर गोळा टाकशील, येड्या.”

दोघं हसले. तरीही तातेराव ‘न्हाई’च म्हणाले, आणि रात्री प्रतिक्षाला अभिमानानं सांगितलं, की आतापर्यंत तिघांना परत पाठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी अंजली आली. सरपंच म्हणून जीपमधून नाही, पायी आली. डोक्यावर पदर, कमरेवर रिकामं टोपलं. चपला तिनं अंगणाबाहेर काढल्या होत्या. टाकीचं नावही न काढता ती पायरीच्या खाली उभी राहिली.

“नाईक, माती द्या.”

तातेरावांच्या तोंडात ‘न्हाई’ तयार होतं. ग्रामसेवकासाठी, इंजिनिअरसाठी, कलेक्टर आला असता तर त्याच्यासाठीही होतं. टोपल्यासाठी नव्हतं.

“काहून?” त्यांनी विचारलं. आपला आवाज वडिलांसारखा आला, असं त्यांना वाटलं.

“टाकीसाठी. खालच्या वस्तीतल्या बाया उन्हाळाभर ओढ्यापल्याड जातात पाण्याला. गरवार पोरीबी जातात.”

“किती पायजे?”

अंजलीनं खाली पाहिलं. “समदी.”

तातेरावांनी वर बुरुजाकडं पाहिलं. मग तीच म्हणाली, “मामा, असं मागा म्हणून मामंजींनी शिकवलं. तुमी इचार करा. मी उद्या येते.”

“मागितल्यावर इचार करत नसतेत, बाई. गूळ आणला का?”

तिनं पदराच्या गाठीतला गूळ काढून दिला. तातेरावांनी खडा तोंडात टाकला. “बस, चहा ठेवतो,” ते म्हणाले. पण तिला सेनगावला बैठकीला जायचं होतं. ती गेल्यावरही ते बराच वेळ दारात उभे होते आणि त्यांना बरं वाटत होतं. प्रतिक्षाला काय सांगायचं, हा प्रश्न दुपारी पडला. त्या रात्री त्यांनी फोन उचलला नाही.

जेसीबी आला त्या दिवशी अंगणात जत्रा भरल्यासारखी माणसं होती. तातेरावांनी पहिला घाव घातला. प्रभूनं नारळ फोडला. मग भावसिंगनं, म्हणजे जेसीबीच्या ड्रायव्हरनं, यंत्राचं फावडं बुरुजाला लावलं. दोन दिवस माणसं येत राहिली, तातेरावांच्या घरातला चहा-साखर संपून दुकानातून दोनदा आली. म्हातारी माणसं सोमेश्वर नाईकाची गोष्ट त्यांना पुन्हा सांगायला लावत. दुसऱ्या दिवशी दुपारी बुरूज संपला. आत काहीच निघालं नाही. नुसती माती, थरावर थर. लोक जेवायला गेले ते परत आले नाहीत.

“मालक, ही माती कुठं टाकू?” भावसिंगनं विचारलं. “ठेकेदार म्हन्तो, रस्त्याच्या भरावात टाक. गोरेगाव रोडला लई खड्डा हाये.”

“भरावात?” तातेराव म्हणाले. “थांब जरा.”

त्यांनी मातीनं भरलेलं टोपलं उचललं आणि गावात निघाले. प्रभूच्या दारात उभे राहिले.

“माती घेतो का?”

“अरे, स्लॅब हाये मला. तुझी माती काय डोक्यावर थापू?” प्रभू हसला. मग त्यांच्या तोंडाकडं पाहून त्यानं बाज पुढं ओढली. “बस तर खरं. पाणी पी.”

ते बसले नाहीत. धुरपताबाई म्हणाल्या, “बाबा, गॅस आला. सून चुलीला हात लावू देत न्हाई.” मिराबाईंनी तुळशीपुरती दोन ओंजळी घेतली. पुढच्या घरांत कुणी शेतात होतं, कुणी टीव्हीपुढून मान हलवली. कुणी वाईट बोललं नाही. माती कशाला लागते, हे धाकट्यांना समजावून सांगावं लागत होतं, आणि सांगता सांगता तातेरावच थकले. ते परतले तेव्हा टोपलं जवळपास भरलेलंच होतं.

“कुठं टाकू मग?” भावसिंगनं पुन्हा विचारलं. डिझेल जळत होतं.

“हितंच.”

“हितं? अंगणात? मालक, दार बुजंल.”

“चार टिप्पर टाक. बाकीची ने.”

संध्याकाळी ढीग खिडकीच्या वर गेला होता. शेळ्या त्याच्यावर चढून बसल्या. घरातून बाहेर पडायला बाजूनं एक चिंचोळी वाट उरली. फोन वाजला. या वेळी तातेरावांनी उचलला आणि सगळं सांगितलं. पलीकडं प्रतिक्षानं नीट ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“आणि चार टिप्पर माती दारात टाकून घेतलीत,” ती शेवटी म्हणाली. “कशाला, बाबा?”

“लागंल की कुणाला,” तातेराव म्हणाले.