बाप मध्यंतराला जातो

शुक्रवारी सकाळी हणमंताच्या खोपटात हिंदी सिनेमाचे प्रेक्षक येऊन बसले. लाल रेक्झिनच्या खुर्च्या त्यांनी बरोबरच आणल्या होत्या. खाणवस्तीतलं ते खोपट मूळचं एका खाटेपुरतं, पण माणसं मावेनात तसं ते मागे लांबत गेलं आणि दार शेवटच्या रांगेपलीकडे जाऊन पोचलं. हणमंताच्या बायकोने, गोदव्वाने, सगळ्यांना चहा दिला. आल्यागेल्याला कोरड्या तोंडी बसवायचं नाही, ही त्या घराची रीत. तिथंच ती फसली. चहा पाजलेल्या पाहुण्याला ऊठ कोणत्या तोंडाने म्हणणार?

सिनेमा एका गरीब मुलीचा होता आणि ती मुलगी म्हणजे गोदव्वाची दुर्गी. दुर्गीला पोकलेन चालवायचं होतं. खाणीवरचं ते पिवळं धूड डोंगराचा घास कसा घेतं ते पाहिल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. ऑपरेटरशी बोलतो, असं बापाने कबूलही केलं होतं.

"तुला कलेक्टर व्हायचंय," बॅटरीवाला तिला म्हणाला. थेटरात लोकांना खुर्च्या दाखवतो तो हा माणूस.

"मला पोकलेन चालवायचं हाय."

"त्याला कोण रडणार? बरं, ऐक. मध्यंतराला वडील जातात."

"कुठं जात्यात?"

"वारतात. बाप गेल्याशिवाय मुलगी कलेक्टर होत नाही."

हणमंत रेड्यासारखा धडधाकट. नुकताच भाकऱ्या रिचवून बसलेला. पण भिडेला बळी पडणारा माणूस. एवढी माणसं रुमाल काढून बसलीत, त्यांचा हिरमोड कशाला, म्हणून तो खाटेवर आडवा झाला. मागच्या भिंतीतल्या भोकातून उजेडाचा झोत आला आणि त्याच्या अंगावर पडला. त्याचे पाय आधी पांढरे झाले, मग पडद्याच्या कापडाचे.

"आप्पा, ऊठ."

"माणसं बसल्यात गं," तो म्हणाला. आणि जन्मात हिंदीचं अक्षर न बोललेला हणमंत पुढे म्हणाला, "बेटी, खूब पढ़ना."

रांगांमधून हुंदके आले. कापड गुडघ्यांवर चढलं. दुर्गीच्या तोंडात 'पिताजी' असा शब्द आला, तो तिने थुंकून टाकला. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. जित्याजागत्या बापावर ही परकी माणसं नाकं शिंकरत होती.

"गप बसा की," ती ओरडली. "माझा बाप मेला न्हाई."

"काय बोलते पोर," कोणीतरी म्हणालं आणि डोळे पुसले. कापड कमरेपर्यंत आलं.

बापाला ओढून काढायला ती झोतात शिरली. तिची सावली त्याच्या गुडघ्यावर पडली, आणि गुडघा पुन्हा काळा झाला, दगडाची कपची लागल्याच्या वणासकट. दुर्गीला काय ते कळलं. ती झोतात मधोमध उभी राहिली.

"ए, खाली बस."

"दिसत नाही. खाली बस की."

"बाळ, बस," बॅटरीवाला म्हणाला. "मध्यंतर अडलंय. समोसे गार होतायत."

"होऊ देत."

गोदव्वाने मग रीत मोडली. तिने पहिल्या रांगेतल्या माणसांच्या हातातले अर्धे कप काढून घेतले आणि ती लेकीला लागून उभी राहिली. दोघींच्या सावलीत हणमंत गळ्यापर्यंत माणूस झाला. तोंड तेवढं उजेडात राहिलं. ते हिंदीत निरोप घेऊ लागलं.

पहिल्या रांगेतला एक आडदांड गृहस्थ चिडून उठला, पोरीला खाली बसवायला. त्याची सावली हणमंताच्या तोंडावर पडली.

"दुर्गे," हणमंत म्हणाला, "पाठ आखडली बघ."

"ए, खाली बस," मागची सगळी थेटरभर माणसं त्या गृहस्थावर ओरडली.

त्याने खुर्चीचा हात धरला. गुडघे अर्धे वाकवले.

"बसू नका," दुर्गी म्हणाली.